यादीबाहेरच्या सावेबाई

सावेबाईंचं नाव आमच्या ऑफिसात पहिल्यांदा निघालं ते शिवीसारखं. आमच्या मालकांनी फोन टेबलावर आपटला आणि म्हणाले, "ही शिरगावची म्हातारी एक दिवस आपला धंदा बसवणार."

मी तेव्हा बोईसर स्टेशनजवळ घरांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एका एजंटकडे कामाला होतो. आम्ही मूळचे चाळीसगावकडचे. वडील तारापूरच्या एका कारखान्यात लागले म्हणून इकडचे झालो. ऑफिसात येणारी गिऱ्हाइकंही बरीचशी आमच्यासारखीच. लातूरची, सांगलीची, बुलढाण्याची. पंधरा-वीस वर्षं शिफ्टा करून पहिल्यांदा स्वतःचं घर घेणारी. त्यांतलं एखादं सावध माणूस ताबा घेण्याआधी विचारायचं, "घर तपासून देणारा कुणी आहे का हो?"

त्यासाठी मालकांनी टेबलाच्या काचेखाली तीन नावांची यादीच ठेवली होती. तिघेही इंजिनिअर, तिघेही बोलायला गोड. त्यांचे रिपोर्ट रंगीत, फोटो लावलेले, आणि तिघांच्याही रिपोर्टात शेवटी एकच वाक्य: 'किरकोळ दुरुस्त्या वगळता घर राहण्यास योग्य.' ज्याच्या रिपोर्टामुळे एखादा सौदा मोडला, त्याचं नाव पुढच्या महिन्यात काचेखालून गेलेलं असायचं. याबद्दल कुणी कुणाशी बोलत नसे. पण माहीत सगळ्यांना होतं. मलाही होतं.

सावेबाईंमुळे आमचे दोन सौदे लागोपाठ मोडले, तेव्हा मालकांनी आपल्या परीने शहाणपणाचा मार्ग काढला. म्हणाले, "जा, आणि बाईंना सांग, आमच्या यादीत या. कामाला तोटा राहणार नाही. माणूस बाहेर असला की काटा, आत घेतला की आपला."

बाई त्या दिवशी बोईसरच्या पूर्वेला एका नव्या इमारतीत काम करत होत्या. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो, तर रिकाम्या फ्लॅटच्या फरशीवर त्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसलेल्या. साठी उलटलेली, काटक बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, शेजारी कापडी पिशवी, तिच्यातून ओळंब्याची दोरी बाहेर आलेली. घर घेणारा माणूस, कारखान्यातला एक इलेक्ट्रिशियन, देवळात उभं राहावं तसा हात जोडून दाराशी उभा. मी तोंड उघडणार, तोच बाईंनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. गप्प.

वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी सोडलं. ते खाली गेलं. मग बाईंनी डोळे उघडले आणि त्या इलेक्ट्रिशियनला म्हणाल्या, "ऐकलंत? पाणी पाइपातून जाताना एक आवाज करतं, आणि भिंतीतून जाताना दुसरा. तुमच्या न्हाणीत दुसरा हाय."

तेवढ्यात साइटवरच्या सुपरवायझरने चहा पाठवला. सगळ्यांनी घेतला. बाईंनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "ज्याचा चहा प्यावा, त्याची भिंत सरळ दिसते. माजे डोळे आधीच म्हातारे, त्यांना आणखी कशाला बिघडवू?"

मी पाटील म्हणून स्वतःची ओळख करून दिली आणि मालकांचा निरोप सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "तुमचं कमिशन कधी मिळतं?"

"सौदा झाल्यावर."

"आणि मोडला तर?"

"नाही मिळत."

"मग माज्यामुळं मोडला, तर पुढच्या वेळी तुमी मलाच बोलवाल?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी वाईट नाय हाय, पाटील," बाई उठत म्हणाल्या. "तुमी बसलाय ती जागाच तशी हाय. मला तिथं बसायचं नाय. जो घर घेतोय, त्यानं मला शोधायचं, त्यानं मला बोलवायचं. दुसऱ्या कोणी पाठवलेलं काम मी घेत नाय. तुमच्या मालकांना सांगा, काटा बाहेरच बरा."

मी हा निरोप मालकांना जसाच्या तसा सांगितला नाही.

हळूहळू बाईंबद्दल कळत गेलं. ऐन उमेदीची सारी वर्षं त्यांनी वीजप्रकल्पाच्या वसाहतीच्या बांधकामांवर दर्जा तपासण्याचं काम केलेलं. यजमान पालघरला शाळामास्तर, ते गेले. मुलगी नाशिकला. निवृत्तीनंतर बाई घरी बसल्या त्या जेमतेम दोन महिने. मग शेजारच्या कुणीतरी मुलाचा फ्लॅट बघायला नेलं, आणि तिथून हे सुरू झालं.

काम घेण्याआधी त्या फोनवर दोन गोष्टी विचारायच्या. माझं नाव कुणी दिलं? आणि घर विकणाऱ्यांत, बांधणाऱ्यांत, दलालांत तुमचं नात्यागोत्याचं कोण आहे? उत्तरं पटली नाहीत तर फोन ठेवून द्यायच्या. रिपोर्ट स्वतःच्या हाताने लिहायच्या, रेघा मारलेल्या कागदावर, शुद्ध पुस्तकी मराठीत. 'दक्षिणेकडील भिंतीच्या गिलाव्यात पोकळी आढळते.' बोलणं आणि भांडण मात्र शिरगावच्या बोलीत. बाईंचा आवाज चढला की समोरच्याने ओळखावं, आता कागद संपला.

आणखी एक. कुणी मावशी, काकू, आजी म्हटलेलं त्यांना कामावर चालायचं नाही. "मावशी म्हटलं की रिपोर्ट मऊ होतो. बाई म्हणा."

पण सगळ्यात कठीण गोष्ट त्यांच्या घरातच होती. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, नीलेश, वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायचा. आत्या दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या भिंतीत ओल शोधून काढणार, लोक काकुळतीला येऊन विचारणार, "बाई, हे नीट करणारं कुणी सांगा ना." आणि बाई म्हणणार, "ते माजं काम नाय." दहा वर्षांत त्यांनी पुतण्याचं नाव एकदाही उच्चारलं नाही. भावजय, सुनंदा, चारचौघांत बोलून दाखवायची: "वन्सं, सगळ्या गावाला ओल दाखवत फिरता, आणि घरचा पोरगा कामाची वाट बघत बसलाय."

बाईंचं उत्तर ठरलेलं: "ओल दाखवणारी आणि ओल काढणारा एका घरातले झाले ना सुनंदा, तर भिंत कधी सुकायची नाय."

हे ऐकताना मला तो हेकटपणा वाटायचा. एक नाव सांगितल्याने काय आभाळ कोसळणार होतं? पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा समजलं.

आमच्याच ऑफिसने विकलेली दोन विंगांची एक इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर संतोष आणि ज्योती गायकवाड राहायला आले. लातूरकडची जोडी. तो रंगाच्या कारखान्यात, ती घरी ब्लाउज शिवायची. ताबा घेण्याआधी त्यांनी रीतसर तपासणी करून घेतली होती. यादीतलं नाव मीच त्यांना लिहून दिलं होतं. दोन पावसाळ्यांत त्यांच्या छताला पोपडे धरले, भिंतीवर काळी बुरशी चढली. एका दुपारी शेजारच्या घरात छताच्या गिलाव्याचा ढपला पाळण्याच्या बाजूला पडला. बाळ आईच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. यादीतल्या साहेबांना परत बोलावलं, तर ते म्हणाले, "ही सर्वसाधारण ओल आहे. रंग काढून घ्या."

ज्योतीने कुणाला न विचारता सावेबाईंचा पत्ता काढला आणि शिरगावच्या रिक्षात बसून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. सोबत तो रंगीत रिपोर्ट होता. बाईंनी फोटो बघितलेच नाहीत. विचारलं, "हा माणूस तुमी शोधला, का तुमाला दिला?"

"एजंटच्या ऑफिसनं दिला."

"आणि एजंटला घर विकायचं काम कोणी दिलं?"

"बिल्डरनं."

"म्हणजे मुलाची चौकशी मुलाच्याच मामाकडं केलीत," बाई म्हणाल्या आणि बूट घालायला लागल्या.

एक घर तपासून झालं, तशी इमारतीतली सगळी बिऱ्हाडं गोळा झाली. सगळ्यांनी मिळून ठरवलं, पूर्ण इमारत बाईंकडून तपासून घ्यायची आणि तो कागद घेऊन बिल्डरकडे जायचं. बाईंनी चार दिवस घराघरांत भिंती ठोकल्या, ओळंबे सोडले, न्हाण्यांत पाणी ओतून खालच्या घरांत जाऊन छताला तळवे लावून उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी गच्ची. वर जाण्याआधी त्यांनी गच्चीच्या कामाची कागदपत्रं मागितली. ज्योतीने वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र आणून दिलं.

खाली सही नीलेशची होती.

ज्योतीने मला पुढे सांगितलं, बाईंनी तो कागद दोनदा वाचला, पिशवीतून काहीच काढलेलं नसताना तिची गाठ पुन्हा घट्ट बांधली, आणि गच्चीच्या दाराला हातही न लावता त्या जिन्याने खाली उतरल्या. म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांना बोलवा. बिल्डरच्या माणसालापण."

त्या रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. बिल्डरचा मॅनेजर आला. आमचे मालक आले आणि त्यांच्यामागे मी. मॅनेजर येताना जरा जास्तच खुशीत होता. मालकांच्या कानाशी लागून म्हणाला, "बघा आता मजा. गच्चीचं काम हिच्याच पुतण्याने केलंय. लोकांना कळलं की म्हातारी आपोआप गप्प."

पण त्याला बोलायची वेळच आली नाही. बाई उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "गच्चीचं काम माज्या भावाच्या मुलानं केलंय. मला परवा कळलं. म्हणून गच्चीचा रिपोर्ट मी लिवणार नाय."

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, घरचीच निघाली. कुणी म्हणालं, आता पुतण्याला वाचवणार. ज्योती सगळ्यांत पुढे बसली होती. ती ताडकन उठली. "तुम्हीच अशा मध्येच सोडून चाललात तर आम्ही कुणाकडं जायचं? पाणी गच्चीतूनच येतंय हे शेंबडं पोर सांगेल. लिहायला काय होतं?"

"चांगलं लिवलं तर लोक म्हणतील पुतण्या म्हणून. वाईट लिवलं तर हे म्हणतील घरचं भांडण काढलं," बाई मॅनेजरकडे हात करून म्हणाल्या. "दोन्ही बाजूंनी माजा कागद मेला. मी इमारत सोडत नाय, गच्ची सोडते. भिंतींवर माजी सही हाय, ती राहील. गच्चीला दुसरा माणूस आणा. मी ओळखत नाय असा आणा. नाव मला विचारू नका."

मॅनेजर हसत उभा राहिला. "म्हणजे बाईंचा सगळाच रिपोर्ट बाद. नातं आलं की संपलं."

बाई वळल्या, आवाज चढला. आता कागद संपला हे मला कळलं.

"बाद करायचा तर कर! पण माजं नातं या लोकांसमोर कोणी सांगितलं रे? मी सांगितलं, माज्या तोंडानं. आता तुमच्या त्या रंगीत रिपोर्टवाल्याचं कोणाशी काय नातं हाय, ते कोण सांगणार? तो हाय का इथं? तू सांगतोस? का हे सांगतात?"

आमचे मालक मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले. बाईंची नजर त्यांच्यावरून सरकून माझ्यावर आली. रागाची नव्हती ती. नुसती थांबलेली होती. चाळीस बिऱ्हाडं माझ्याकडे बघत होती, आणि ज्योतीच्या हातात मी लिहून दिलेली चिठ्ठी जणू अजून होती.

मी म्हणालो, "ज्याचा रिपोर्ट कडक, त्याचं नाव आमच्या यादीतून जातं."

एवढंच. माझा आवाज मला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. पण पार्किंगमध्ये तो पुरेसा पोचला. मालक गाडीकडे चालू लागले, आणि मी त्यांच्यामागे गेलो नाही. नोकरी तिथेच संपली.

रहिवाशांनी डहाणूकडचा एक इंजिनिअर स्वतः शोधून आणला. त्याने गच्चीवर बांध घालून पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सात घरांची छतं टिपकत होती. त्याचा कागद बाईंनी लिहिला असता त्याहून कडक होता: सगळा थर उखडून काम नव्याने करावं. बिल्डरने टोलवाटोलवी केली, लोकांनी पालघरला अर्ज केले, ज्योतीने शिलाई बाजूला ठेवून ऑफिसं पालथी घातली. वर्ष गेलं. पण दोन्ही कागदांत कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही. शेवटी बिल्डरने भिंती दुरुस्त केल्या आणि गच्ची नीलेशला पुन्हा करावी लागली.

नीलेश मधल्या काळात आत्याकडे आला होता. "तू एक शब्द टाकला असतास तर एवढं झालं नसतं, आत्या."

"म्हणून तर टाकला नाय."

"मी काय परका आहे?"

"तिथं परका असतास तर बरं झालं असतं. काम परत कर. माज्यासाठी नको. खाली तुजी सही हाय म्हणून कर."

त्या वर्षी भावाच्या घरून गणपतीचं बोलावणं आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी एक दिवस वाट बघितली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या माडाचा नारळ घेऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून त्या सरळ भावाच्या दारात गेल्या. घरात कुणी 'या' म्हणालं नाही. बाई गणपतीपुढे बसल्या, सगळ्या आरत्या मोठ्याने म्हटल्या, प्रसाद मागून घेतला, खाल्ला आणि उठल्या. सुनंदा दाराआड उभी होती. तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गणपती काय तुज्या एकटीचा नाय."

मला हे सांगताना त्या हसत होत्या, पण मध्येच पदराने नाक पुसलं. "एक झालं पाटील. निघताना नीलेशनं गाडी काढली. एक शब्द बोलला नाय. पण घरापर्यंत सोडलं."

पुढे मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या एका कारखान्यात लागलो, आणि काही वर्षांनी स्वतःचं घर बघू लागलो. अर्थातच पहिला फोन बाईंना केला. नाव कुणी दिलं, नातं काय, सगळी उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "तुमचं घर मी नाय बघणार."

"का? मी काय केलं आता?"

"तुमी मला आवडायला लागलाय."

मी दुसरा माणूस शोधला. तो चांगला निघाला. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "सांगू नका मला कोण ते. उगाच ओळख नको."

आमच्या जुन्या ऑफिसात त्या काचेखाली अजून यादी आहे. तीन नावं आहेत, बदललेली. मधल्या काळात बोईसरमध्ये किती इमारती उठल्या याला गणती नाही. बाईंनी त्यातल्या मूठभर बघितल्या असतील. एकदा मी वैतागून म्हणालो, "याने काय फरक पडला?" तर म्हणाल्या, "जी घरं बघितली, त्या घरांना पडला. बाकीच्यांचं तुमी बोला. तुमाला तोंड नाय?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. गुडघे गेले होते, मुलगी नाशिकला न्यायचं म्हणत होती, आणि बाईंनी शिरगावचं घर विकायला काढलं होतं. स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, दोन खोल्या आणि ओटीचं स्लॅबचं घर, मागे सात-आठ माड. मुंबईचं एक जोडपं घेणार होतं, सुट्टीला येऊन राहायला. मी निरोप घ्यायला म्हणून गेलो, तर बाई घरात नव्हत्या. बाहेर, कुंपणाच्याही पलीकडे, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, घराकडे पाठ करून उन्हात बसलेल्या.

"हे काय?"

"तपासणी चालू हाय आत."

त्या जोडप्याने म्हणे आधी म्हटलं होतं, बाई, तुम्ही स्वतःच एवढ्या जाणकार, तुम्हीच सांगा घर कसं आहे, आम्हाला तुमचा शब्द पुरे. बाई त्यांच्यावर उखडल्या होत्या. "मी विकणारी हाय. माज्या शब्दावर घर घेता? आधी तुमचा माणूस आणा, मग या." त्यांनी पालघरहून एक बाई आणल्या होत्या, तिशी-पस्तिशीच्या, ओल मोजायचं यंत्र घेऊन आलेल्या. दोन तास झाले होते. शेजारची काकू येऊन म्हणाली, "आत जाऊन नुसतं उभं तरी राहा, तुमचंच घर आहे." बाईंनी मान हलवली नाही.

शेवटी त्या इंजिनिअर बाई बाहेर आल्या. हातात कागद, चेहऱ्यावर संकोच. आपण कुणाचं घर तपासलं हे त्यांना तोवर कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाल्या, "बाकी सगळं उत्तम आहे. फक्त स्वयंपाकघरात, ओट्यामागच्या भिंतीत, जरा... म्हणजे तशी किरकोळच..."

"ओल हाय?"

"हो."

"किती?"

त्यांनी आकडा सांगितला. सावेबाई पहिल्यांदाच मागे वळल्या आणि त्या भिंतीच्या दिशेने बघत राहिल्या. त्या ओट्याशी त्यांनी वीस-बावीस वर्षं स्वयंपाक केला होता. मला वाटलं, आता त्या वाद घालतील. यंत्र परत लावा म्हणतील.

"किरकोळ नाय ही," त्या म्हणाल्या. "किरकोळ लिवू नका. जेवढी हाय तेवढी लिवा."

इंजिनिअर बाईंनी मान डोलावली आणि तिथेच, कुंपणाच्या खांबावर कागद ठेवून लिहायला लागल्या. सावेबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, त्यांच्या जवळ गेल्या, पण कागदात डोकावल्या नाहीत.

"आणि खाली लिवा," म्हणाल्या, "घरमालकिणीला इतकी वर्षं दिसली नाय."